उकंडरावांची बोस्टनची माणसं

अमरावतीला अंबागेटाच्या आत भाऊसाहेबांचा छापखाना होता. तिथं रोज सकाळी साडेदहाला पाच मेलेल्या अमेरिकनांची हजेरी घेतली जायची.

हजेरी घेणारे उकंडराव. मुद्रितं तपासायचं काम त्यांच्याकडे. आल्यावर टोपी खुंटीला अडकवायची, धोतराच्या सोग्यानं टेबलावरची धूळ पुसायची आणि भिंतीकडे तोंड करून शाळामास्तराच्या सुरात सुरू करायचं, "एलायजा साहेब. ऑर्सन साहेब. टॅबिथा बाई. अँब्रोज साहेब. सायलस साहेब." प्रत्येक नावानंतर ते थांबत. 'हजर' म्हणायला लागतो तेवढाच वेळ. मग मान हलवून पुढचं नाव. एखाद्या दिवशी मान हलायला फार वेळ लागे. तेव्हा ते म्हणत, "उशीर झाला वाटते," आणि आम्ही दोघं तसेच गप्प उभे राहायचो, तो अमेरिकन येऊन पोचेपर्यंत.

दोघं म्हणजे ते आणि मी. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला माहीत होतं. पुढं हळूहळू विसरत गेले. आता तर नातीला हाक मारल्याशिवाय मला फोनही लावता येत नाही. पण तेव्हा मी मॅट्रिक पास होते, मामा त्याच छापखान्यात यंत्रावर होता, आणि उकंडरावांना वाचून दाखवायला माणूस हवं होतं. मुद्रितं तपासायचं काम दोघांचं असतं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर डोळे ठेवून चुका पकडायच्या. मामा म्हणाला, "पोट्टी दिवसभर कादंबऱ्या वाचते, तं इथं वाचू द्या." अशी मी लागले.

माझं बोलणं तेव्हा अतिशय शुद्ध होतं. इतकं शुद्ध, की मामी मला एकच गोष्ट दोनदा विचारायची. माझ्या बापाचा अकोल्याला मोर्णेच्या काठी भाजीपाल्याचा मळा होता, पण हे मी छापखान्यात मामाखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. घरी मी जन्मभर ज्याला सांबार म्हटलं, त्याला मी अमरावतीत कोथिंबीर म्हणायचे, आणि म्हणताना मान थोडी वर करायचे. शिवाय मी गुपचूप एक कादंबरी लिहीत होते. टोपणनाव होतं कुमारी निर्झरिणी. हसू नका. मी हसून घेतलंय पुरेसं.

तर ही पाच माणसं. कापसाच्या खरेदीसाठी अकोल्याला येऊन राहिलेला एक अमेरिकन अडत्या परत जाताना बंगल्यातलं सामान मागं टाकून गेला. त्या पसाऱ्यात उकंडरावांना एक जाडजूड पुस्तक मिळालं. बोस्टन शहरातल्या थॅचवेल आणि पूर नावाच्या प्रकाशन-पेढीचा इतिहास. पेढीनंच छापलेला, म्हणजे स्वतःचीच आरती. त्या पेढीला एकामागून एक पाच संपादक झाले होते. उकंडरावांनी शब्दकोश पुढं ठेवून ते पुस्तक वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग मराठीत आणायला घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि ते पाचही जण आता त्यांच्या घरचे झाले होते.

लग्नपत्रिका छापायला कुणी दर्यापूरकडचा शेतकरी आला, की त्याला बसवून ते सांगायला लागत. "आमचे थोरले, एलायजा साहेब, त्यायनं जल्मात खुर्ची नाही ठेवली कचेरीत. सोता उभे, अन् लेखक बी उभा. कावून? उभ्या माणसाले लांब बोलता येत नाही." शेतकरी म्हणायचा, "बराबर हाय." "ऑर्सन साहेब मंजे थोरल्यायचा पुतन्या. याच्या खिशात कैची. एका कवीनं चारशे पानं आनली, यानं आठ वळी ठेवल्या. कवी रडला. घरी जाऊन वाचल्या अन् मंग परत आला अन् पाया पडला." अँब्रोज साहेबांनी खुद्द बायकोचं स्वयंपाकाचं पुस्तक नापसंत केलं आणि मग आयुष्यभर खानावळीत जेवले. "पन मागं नाही हटले!" आणि शेवटचे सायलस साहेब. बोस्टनला बर्फ पडत होता ("जिनिंगमदी रुई उडते ना, तसा") तेव्हा एका लेखकाला पत्र लिहिता लिहिता ते टेबलावरच गेले. पेन्सिल हातात. पत्र अर्धं. इथं उकंडराव आवाज खाली आणत. "त्या लेखकाले अजून उत्तर नाही गेलं. थो बी मेला असंन आता. पन थांबला असंन."

शेतकरी पत्रिकेचा मजकूर टाकून लगबगीनं निघून जायचा.

टॅबिथा बाईंबद्दल मात्र सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या मुद्रितं तपासायच्या. त्यांना ऐकू कमी यायचं. बस.

हजेरीनंतर पेन्सिली. पाच निळ्या पेन्सिली चाकूनं टोक काढून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ओळीनं मांडायच्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही. उकंडरावांची स्वतःची पेन्सिल वेगळी, कानावर. आणि संध्याकाळी त्या पाचांची टोकं झिजलेली असत.

मी अर्थातच ही लबाडी उघडकीला आणायचं ठरवलं. प्रत्येक पेन्सिलीवर काजळाचा ठिपका दिला, आणि एक आख्खा दिवस उकंडरावांच्या दोन्ही हातांवरून नजर हलवली नाही. ती मुद्रितांची खोली यंत्राच्या मागं होती. खिडकी नाही, वरून एक काच, तिच्यातून दुपारी उन्हाचा चौकोन टेबलावर उतरायचा आणि सरकत सरकत भिंतीवर चढायचा. जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबलं, की इतकं शांत व्हायचं की शाई वाळताना ऐकू येईल. त्या दिवशी मी डबासुद्धा त्यांच्यासमोर बसून खाल्ला. त्यांनी पेन्सिलींना हात लावला नाही. संध्याकाळी बघते तर चारांची टोकं बोथट, ठिपके जागच्या जागी, आणि सायलस साहेबांच्या पेन्सिलीचं टोक मोडलेलं. मोडलेला तुकडा टेबलावर होता. मी तो बोटानं उचलला. गार होता.

"आज रागात होते," उकंडराव टोपी घालत म्हणाले.

मी घरी जाऊन मामीला सांगितलं, की टेबल हलत असणार. मामी म्हणाली, "तुले कावून घाम आला मंग?"

कामाला मात्र ते राक्षस होते. कुणाचाही मजकूर असो, कापायचेच. "काप. मरत नाही कोनी," हे त्यांचं ब्रीद. वकिलाचं भाषण, मास्तराचं पाठ्यपुस्तक, भाऊसाहेबांनी स्वतः लिहिलेलं मृत्युलेखातलं वाक्य, सगळ्याला एकच न्याय. आणि त्यांच्या पुढं वाचताना चोरी करता येत नसे. एकदा मला लवकर निघायचं होतं, म्हणून मी शेतकीच्या एका कंटाळवाण्या पुस्तकातल्या चार ओळी सफाईनं गिळल्या. उकंडराव डोळे मिटून बसले होते. छापलेला कागद त्यांच्या मांडीवर पालथा होता.

"चार वळी गेल्या," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"दोघं म्हनून राहिले." मग थोडं थांबून, "अन् बाईले तं काहीच ऐकू नाही आलं. पह्यलेपासून वाच."

कादंबरी मी त्यांना वाचायला दिली ती निव्वळ उपकार म्हणून. एका अज्ञात लेखिकेची आहे, छापखान्यात येऊन पडली आहे, असं सांगून. तिची नायिका क्षयानं मरते. बत्तीस पानं मरते. आठवड्यानं उकंडरावांनी वही परत दिली, तेव्हा समासात पाच वेगवेगळी अक्षरं होती. एक मोठं, ताठ: "ही बाई उभी राहून बोलली असती तर लवकर मेली असती." एकानं बत्तीसपैकी तीस पानांवर रेघ मारली होती. एक अक्षर थरथरतं, वाक्य अर्धंच सोडून दिलेलं. आणि एक बारीक, तिरकं, इतकं फिकट की उजेडाला धरावं लागलं. नायिकेच्या आईचे हात मी कमळाच्या पाकळ्यांसारखे केले होते. तिथं लिहिलं होतं: "हिची आई मेथी खुडते. नखं पाहा."

माझ्या नायिकेची आई जहागीरदारीण होती. मेथी खुडत होती ती माझी आई, अकोल्याला, मोर्णेच्या काठी.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. ही पाच अक्षरं उकंडरावांनी काढली असतील म्हणावं, तर त्यांचं अक्षर मी रोज बघत होते. ते 'क'सुद्धा दुसऱ्यासारखा काढू शकत नसत. मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" ते म्हणाले, "ज्यायले दिलं होतं, त्यायनं." आणि पुढचं मुद्रित ओढलं. त्या दिवसापासून मी त्या खोलीत एकटी बसत नसे. मी भूतखेत मानत नव्हते. फक्त एकटी बसत नसे.

मग लढाईचे दिवस आले आणि कागदावर नियंत्रण आलं. लग्नपत्रिका पोस्टकार्डाएवढ्या झाल्या. भाऊसाहेबांनी उकंडरावांना बोलावून सांगितलं, "अकरा वर्सं वाट पाहिली तुमी. एकच फर्मा देतो. सोळा पानं. त्यात बसवा तुमचं बोस्टन, नाही तं लढाई संपू द्या."

बाड होतं सव्वातीनशे पानांचं.

उकंडराव 'हो' म्हणाले. मला ते कळेना, कारण थांबले असते तर पुस्तक पुरं निघालं असतं. ते म्हणाले, "थांबता येत नाही. यंदाच्या पित्तर अमोशेच्या आत पाह्यजे. अन् पाचई जन पाह्यजे. अकोल्याले एकीले दाखवाचं हाय."

एकीले! मी त्या एका शब्दावर रात्रभर... नाही, दोन रात्री घालवल्या. अकोल्याची कुणी एक. पन्नाशी उलटलेले हे ब्रह्मचारी. मी तिला गोरी केली, विधवा केली, तिच्या हातात वीणा दिली. माझ्या पुढच्या कादंबरीची सोय झाली.

इकडं ज्या माणसानं उभ्या अमरावतीचं गद्य कापलं, तो स्वतःच्या बाडापुढं बसून घामाघूम होत होता. एक ओळ काढायची, भिंतीकडं पाहायचं, पुन्हा घालायची. "काप म्हनतो दुनियेले," ते पुटपुटत. तरीही कापलं. एलायजा साहेब साडेतीन पानांत आले. सायलस साहेबांचा बर्फ गेला. टॅबिथा बाई अर्ध्या पानावर आल्या, आणि त्यातून एक शब्दही निघेना. सोळा पानं काठोकाठ भरली.

शेवटचं मुद्रित वाचायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं. आपल्या घरच्याचं मुद्रित आपण वाचायचं नाही, हा त्यांचा नियम होता, कारण आपल्या माणसाची चूक डोळ्याला दिसतच नाही. "तू पाय," म्हणाले. "तुह्यावर सोपवतो." आणि ते अमावास्येच्या दोन दिवस आधी अकोल्याला निघून गेले. पहिली प्रत निघाली की ती मीच घेऊन यायची होती. आमचा मळा मोर्णेच्या अलीकडं आणि त्यांचं घर पलीकडं जुन्या शहरात, तसं सोयीचंच होतं.

आता मी काय केलं ते ऐका. मी विचार केला, की एवढ्या मोठ्या पुस्तकाला प्रस्तावना नाही हे बरं दिसत नाही. 'दोन शब्द' तरी हवेत. लिहिणार कोण? कुमारी निर्झरिणी. जागा किती लागेल? अर्धं पान. आणि अर्ध्या पानावर कोण बसलं होतं? एक बहिरी बाई, जिनं जन्मभर मुद्रितं तपासली. मुद्रितं तपासणाऱ्या बाईचं इतिहासात काय काम, असं मी स्वतःशी म्हणाले. मुद्रितं तपासता तपासता म्हणाले.

शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, लावणाऱ्या जुळाऱ्याला सांगितलं, बाईंचे खिळे सोडा. त्यानं सोडले. त्यांच्या जागी माझे दोन शब्द आले. 'वाङ्मयाच्या नभोमंडपात' अशी सुरुवात होती.

अमावास्येला सकाळच्या गाडीनं बडनेऱ्यावरून अकोल्याला उतरले. काखेत पहिली प्रत, अजून शाईचा वास येणारी. बाकीच्या प्रतींची छपाई सोमवारी सुरू व्हायची होती. उकंडरावांचं घर म्हणजे कवेलूंच्या छपराच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत. भिंतीवर ओळीनं पाच द्रोण मांडले होते, वडा, भात, कढी घातलेले. उकंडराव अंगणात उघड्या अंगानं उभे होते. ओसरीवर पोत्यावर एक म्हातारी बसली होती, इतकी वाळलेली की आधी मला कुणी लुगडं घडी करून ठेवलंय असं वाटलं. पुढं झाकलेलं ताट. डोळ्यांत दोन्हीकडं पांढरं आलेलं.

वीणा कुठं दिसेना.

"कोन आली रे?" म्हातारी म्हणाली.

"छापखान्यातली पोट्टी हाय, माय. वाचते म्हनतो ना मी, थेच."

"बस वो पोरी. किती शिवले रे उकंडा?"

"चार, माय."

"कोन राह्यलं?"

"बाई."

मी भिंतीकडं पाहिलं. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा द्रोण कावळ्यांनी उसकटून टाकला होता, भात भिंतीवरून खाली सांडला होता. तिसरा जसाच्या तसा. त्याच्यावर माशीही नव्हती. समोरच्या कडुनिंबावर सात-आठ कावळे बसले होते आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं होती. काखेतलं पुस्तक मला एकाएकी जड वाटायला लागलं.

"असं कईच नाही झालं," उकंडराव म्हणाले. "बाई दरसाल पह्यली येते."

ऊन तापायला लागलं. म्हातारी सकाळपासून उपाशी होती. पाचही द्रोण शिवल्याशिवाय ती घास घेत नसे, हे मला शेजारणीनं कुंपणावरून सांगितलं, आणि मागच्या महिन्यात ती आजारातून कशीबशी उठली हेही. मी उकंडरावांच्या कानाशी लागले. "सांगून टाका ना, पाचही झाले म्हणून. त्यांना कुठं दिसतंय?"

शाईच्या डागाकडं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तीस वर्सं दुनियेच्या चुका दाखवल्या म्या. अन् मायले खोटं सांगू?"

म्हातारीचे कान मात्र शाबूत होते. "इकडं ये वो," तिनं मला जवळ बसवलं. "तुले यानं सांगतलं नसंन. हा घुमा हाय. याच्या आंदी पाच झाले मले. एकबी बारशालोक नाही पोचलं. म्हून याले जल्मल्याबराबर उकिरड्यावर ठेवलं अन् सुपात उचलून आनलं, अन् नाव बी उकंडा. हा राह्यला." तिनं हवेत हात फिरवला, तो उकंडरावांच्या गुडघ्याला लागला, आणि तिथंच राहिला. "पन थ्या पाचायले हाक कशी मारू? पित्तराले नाव लागते. गुर्जी म्हने, बारशाआंदीच्या लेकराचं पित्तरच नसते. मंजे थे झालेच नाही काय, बाप्पा? मले तं झाले होते."

उकंडराव द्रोणांकडं पाहत होते.

"मंग एक दिवशी हा नाचतच आला. म्हने, माय, पाच नावं भेटले! एका वळीत! मोठ्या लोकायचे हायेत, पन थे लोक मेले, त्यायले आता लागत नाही. अन् तिसरी बाईच हाय म्हने. माही बी तिसरी पोरगीच होती." म्हातारीनं बोटांवर मोजलं. "अलाजी. आरसन. तब्बी. अंबरोज. शायलास. तब्बी अकरा दिवस राह्यली. पाळना बांधून झाला होता. दुसऱ्या दिवशी नाव ठेवाचं होतं."

मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते तसं माझ्या तोंडून निघालं. "काकाजी, बाईले म्या कापलं."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी हात पुढं केला. मी प्रत दिली. त्यांनी पानं उलटली, दुसऱ्या साहेबांवरून थेट चौथ्यांवर आले, मागं गेले, सुरुवातीचे माझे दोन शब्द काढले आणि उभ्याउभ्या सगळे वाचले. कानावरची पेन्सिल काढून त्यातली एक चूक दुरुस्त केली. सवयच ती. मग पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी निर्झरिणीबाई फर्म्यातून गेल्या आणि टॅबिथा बाई आपल्या जागी आल्या, हे सांगून टाकते. खिळे मी स्वतः जुळवले, आणि प्रत घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. पण तेव्हा, त्या अंगणात, सोमवार फार लांब होता.

"तुले पाठ हाय का वो थे?" म्हातारीनं विचारलं. "तब्बीचं?"

पाठ होतंच. अर्धं पान उकंडरावांनी माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलं असेल!

"मंग म्हन. जोरानं म्हन. तिले ऐकू कमी येते म्हनते हा."

मी त्या ओसरीवर बसून म्हटलं. "मिस टॅबिथा पिम यांनी पेढीत सदतीस वर्षे मुद्रिते तपासली. त्यांना ऐकू कमी येत असे. ऑर्सन थॅचवेल वारल्यावर नवे संपादक मिळेपर्यंत अकरा महिने पेढी त्यांनीच चालवली. त्या अकरा महिन्यांत एकही पुस्तक उशिरा निघाले नाही. पुढे त्या आपल्या जुन्या टेबलाशी परत गेल्या. त्यांचे छायाचित्र उपलब्ध नाही."

कडुनिंबावरचे कावळे जागचे हलले नव्हते.

"तुह्यासंग दुसरी कोन वाचून राह्यली?" म्हातारी म्हणाली.

अंगणात आम्ही तिघंच होतो. शेजारीण केव्हाच आत गेली होती.

"कोन दुसरी, माय?"

"बारीक आवाज हाय. हिच्या मांगं मांगं म्हनते."

मी उकंडरावांकडं पाहिलं. आता ते मान हलवतील, 'आली एकदाची' म्हणतील, अशी माझी खात्री होती. रोज पाचांशी बोलणारा माणूस हा. पण त्यांचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

"मले नाही ऐकू येत, माय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, हळू, "मले कईच नाही आलं. एकदाबी नाही. मी नाव घेतो, जरासाक थांबतो, अन् मान हालवतो. इतके वर्सं झाले."

"आणि पेन्सिली?"

"थे म्या नाही. म्हून तं थांबतो." ते एक पाऊल पुढं आले. "तुले येते ऐकू?"

मी उभ्या जन्माची खोटारडी. बत्तीस पानं मरणाऱ्या बाया रचणारी. एक 'हो' म्हणायला काय जात होतं? पण तो माणूस असा बघत होता, की मला ते जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"पुन्हा म्हन," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर ओसरीच्या पायरीवर उकिडवे बसले. मान वाकडी करून, कान माझ्या तोंडाशी आणून, डोळे मिटून. मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. म्हातारी मधूनच हसायची, "हाव, हाव," म्हणायची, कुणाला तरी धीर द्यावा तशी. पाचव्यांदा म्हटलं, सहाव्यांदा म्हटलं. घसा कोरडा पडला. द्रोणाकडं कुणी पाहिलंच नाही. सातव्यांदा 'जुन्या टेबलाशी' म्हणत होते, तोच उकंडरावांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. तर ते हसत होते. तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी गळत, लहान पोरं देवघरात हसतात तसे.

"काय झालं रे?" म्हातारी म्हणाली.

"काही नाही, माय. थे मांगं म्हननारी एका जागी चुकली."

त्यांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडं गेला होता, आणि तसाच खाली आला.

"चुकू दे," म्हातारी म्हणाली. तिनं ताटावरचं झाकण काढलं, चाचपत भात कालवला आणि पहिला घास उचलला. "लहान हाय थे."